उंबरठ्याच्या आत

जपानी घराचे दार उघडले की प्रथम लागते ती एक सखल, फरसबंदीची जागा. ती दाराच्या आत असते खरी, पण घराच्या आत आहे असे कोणी मानीत नाही. तिला तिकडे 'गेन्कान' म्हणतात. आलेल्याने तेथे पादत्राणे उतरवायची आणि एक पायरी चढून घराच्या जमिनीवर यायचे, असा शिरस्ता आहे. 'वर या' असे कोणी म्हणेपर्यंत तो केवळ दारी आलेला इसम, वर चढला की पाहुणा, आणि ज्याला 'तादाइमा', म्हणजे 'आलो बरं का', एवढेच उच्चारून कोणाची वाट न पाहता वर येता येते व ज्याला आतून 'ओकाएरी' असा प्रतिसाद मिळतो, तो घरचा माणूस. समलिंगी प्रेम आणि विवाह यांविषयी जपानी दूरचित्रवाणीने व चित्रपटाने गेल्या काही वर्षांत ज्या कथा सांगितल्या, त्या एकामागून एक पाहत असता एक गोष्ट माझ्या मनावर ठसत गेली. त्यांतील खऱ्या कसोटीचा क्षण विवाहवेदीपाशी क्वचितच येतो. तो येतो या सखल जागेत, जेथे मुलाचा जोडीदार अवघडून उभा असतो आणि आई किंवा वडील आतून पुढे येत असतात.

२०१८ च्या मार्च महिन्यात एन.एच.के. या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेने 'ओतोतो नो ओत्तो' ही तीन भागांची मालिका सादर केली. गेंगोरो तागामे यांच्या याच नावाच्या चित्रकथेवर ती आधारलेली होती. तागामे स्वतः समलिंगी असून तोपर्यंत समलिंगी पुरुषांसाठी निघणाऱ्या नियतकालिकांत लिहिणारे म्हणून ओळखले जात; सर्वसामान्य कुटुंबांत वाचली जावी अशी ही कथा त्यांनी २०१४ पासून २०१७ पर्यंत एका मासिकातून क्रमशः लिहिली. यायची हा पत्नीपासून विभक्त झालेला, एका शाळकरी मुलीला एकट्याने वाढवणारा गृहस्थ. त्याचा जुळा भाऊ र्‍योजी कॅनडात गेला, तेथे त्याने एका पुरुषाशी रीतसर विवाह केला आणि तेथेच तो वारला. आता तो नवरा, माइक, आपल्या पतीचा देश पाहण्यासाठी जपानला आला आहे. दार उघडते आणि धिप्पाड, दाढीवाला माइक यायचीला एकाएकी कवटाळतो. कारण जुळ्या भावाच्या रूपाने त्याच्यापुढे त्याच्या मृत पतीचाच चेहरा उभा असतो. ही भूमिका सुमो कुस्तीत 'ओझेकी' या दुसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीपर्यंत चढलेल्या बारुतो या एस्टोनियाच्या मल्लाने केली, आणि त्या अवाढव्य देहातून पाझरणारे आर्जव पाहताना, निवड करणाऱ्याच्या दृष्टीचे मला कौतुक वाटले.

शीर्षकाचा सरळ अर्थ 'धाकट्या भावाचा नवरा'. हे शब्द वाचताना मराठी वाचकही क्षणभर थबकेल. आपल्याकडे भावाची बायको ती भावजय, नवऱ्याचा भाऊ तो दीर, बायकोची बहीण ती मेहुणी. नात्यांची इतकी बारकाईने नावे ठेवणाऱ्या आपल्या भाषेपाशी भावाच्या नवऱ्यासाठी शब्द नाही. जपानी भाषेतही रुळलेला शब्द नव्हता, म्हणून लेखकाने कधी शेजारी न आलेले दोन नित्याचे शब्द शेजारी बसवले, आणि त्या दोन शब्दांमधली फट कशी बुजते हीच त्याने आपली कथा केली. ती प्रथम बुजवते ती यायचीची मुलगी काना. पुरुषाचे पुरुषाशी लग्न होते का, असे ती विचारते. होते म्हटल्यावर, मग तुमच्यात बायको कोण होती, असे विचारते. आणि आम्ही दोघेही नवरे होतो, हे उत्तर मिळाल्यावर तिची जिज्ञासा शमते, कारण परदेशातून आलेला एक प्रेमळ काका आपल्याला लाभला ही गोष्ट तिच्या लेखी त्याहून फार मोठी असते. तिच्या वडिलांचे तसे नाही. शेजारी भेटतात तेव्हा यायची माइकची ओळख 'भावाचा मित्र' अशी करून देतो. तो वाईट माणूस नाही. आदरातिथ्यात उणे पडत नाही, कोणाला दुखवीत नाही. फक्त एक शब्द त्याच्या जिभेवर येत नाही, आणि तो का येत नाही हे रात्री एकटा असताना त्याचे त्यालाच कळू लागते. कानाच्या एका मैत्रिणीला तिची आई या घरी येऊ देत नाही. पुढे शाळेतील शिक्षक यायचीला बोलावून घेतात आणि मुलगी या काकाविषयी वर्गात फार बोलते, त्याने तिला त्रास व्हायचा, अशी काळजी व्यक्त करतात. तेव्हा हा मितभाषी बाप, मुलीला कोणी त्रास दिला तर समज त्रास देणाऱ्याला द्यावी, अशा अर्थाचे उत्तर देतो. त्या उत्तरातला माणूस आणि 'भावाचा मित्र' म्हणणारा माणूस यांच्यामधले अंतर हा या कथेतला सगळा प्रवास आहे.

परंतु माइकला नाव नसणे ही केवळ जिभेची अडचण नव्हे. ती दफ्तराचीही आहे. जपानमध्ये 'कोसेकी' नावाची कुटुंबवार नोंदवही असते. जन्म, विवाह, दत्तक, मृत्यू या सर्वांची नोंद तीत होते. विवाह म्हणजे नगरकचेरीत दोन प्रौढ साक्षीदारांच्या सह्यांनिशी एक सूचनापत्र दाखल करणे. आपल्याकडे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जेथे सप्तपदी हा विधीचा भाग असतो तेथे सातवे पाऊल पडताच विवाह संपूर्ण होतो. जपानी कायद्याला मात्र अशा कोणत्याही पावलांशी कर्तव्य नाही. मंदिरात, गिरिजाघरात, पंचतारांकित उपाहारगृहात कितीही थाटाने सोहळा करा, सूचनापत्र दाखल झाले नसेल तर कायद्याच्या लेखी काही घडलेले नाही. आणि पत्र स्वीकारले गेले असेल तर सोहळ्यावाचूनही विवाह पक्का. याचा परिणाम असा झाला, की समारंभ सर्वांना मोकळा राहिला आणि कागद मात्र काहींनाच मिळाला. क्योतोतील शुन्को-इन या झेन मंदिरात समलिंगी जोडप्यांचे विवाहविधी होतात. २०१३ च्या मार्चमध्ये तोक्योच्या डिस्नी उद्यानात दोन स्त्रियांनी शुभ्र पोशाखांत आपला विवाहसोहळा साजरा केला. परंतु अशा जोडप्यांपैकी एकाला वारसाहक्क सांगायचा झाला, तर दुसऱ्याच्या संदर्भात तो त्रयस्थच ठरतो. शिबुया आणि सेतागाया या तोक्योतील दोन प्रभागांनी २०१५ च्या नोव्हेंबरपासून जोडीदारीचे दाखले द्यावयास प्रारंभ केला, २०२२ मध्ये तोक्यो महानगराने तशीच व्यवस्था केली, आणि आज अशी व्यवस्था असलेली गावे-शहरे पुष्कळ आहेत; पण त्या दाखल्याने भाड्याचे घर किंवा रुग्णालयातील भेट सुकर झाली, तरी नोंदवहीतले पान काही बदलत नाही.

या पानाच्या इतिहासात एक दैवदुर्विलास आहे. १८९८ च्या जुन्या दिवाणी संहितेत विवाहाला कुटुंबप्रमुखाची मंजुरी लागत असे. महायुद्धानंतर, १९४७ मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या चोविसाव्या कलमाने ती सत्ता मोडली आणि विवाह हा 'उभय लिंगांच्या' केवळ परस्परसंमतीवर आधारलेला असेल असे ठरवले. वडीलधाऱ्यांच्या हुकुमातून तरुणांना सोडवण्यासाठी लिहिलेले हेच शब्द पुढे, दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना विवाह नाकारण्यासाठी पुढे करण्यात आले. २०१९ मध्ये अनेक जोडप्यांनी निरनिराळ्या शहरांत दावे दाखल केले. १७ मार्च २०२१ रोजी साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने हा नकार घटनाविरोधी ठरवला. २०२४ च्या मार्चपासून सुमारे वर्षभरात पाच उच्च न्यायालयांनी तसाच कौल दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तोक्योच्या उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका दाव्यात मात्र उलट निकाल दिला. अखेरचा शब्द आता सर्वोच्च न्यायालयाचा.

कायद्याने दार लावून घेतले की माणसे खिडकी शोधतात. जपानमध्ये प्रौढ माणसाला दत्तक घेता येते. दत्तक घेणारा वयाने एका दिवसाने मोठा असला तरी पुरते. म्हणून कित्येक समलिंगी जोडप्यांनी बाप-लेक किंवा आई-लेक या नात्याने एका नोंदीत प्रवेश केला. 'किनो नानी ताबेता?', म्हणजे 'काल काय जेवलास?', या फुमी योशिनागा यांच्या चित्रकथेत आणि तीवरून तोक्यो वाहिनीने २०१९ मध्ये काढलेल्या मालिकेत हा प्रसंग येतो. एक उतारवयाचा गृहस्थ आपल्या जोडीदाराला दत्तक घेऊ इच्छितो, आणि हेतू विचारल्यावर सांगतो, की आपल्या कमाईतला एक येनही आपल्या आईबापांच्या हाती पडू नये. त्या दोघांनी त्याला कशी वागणूक दिली असेल हे त्या एका वाक्यावरून उमगते. अधिक काही सांगावे लागत नाही. या उपायाची खरी किंमत तर पुढेच आहे, कारण दत्तक घेणारा आणि दत्तक गेलेला यांचे दत्तकविधान मोडले तरी त्यांना परस्परांशी विवाह करण्यास जपानी कायदा मनाई करतो. म्हणजे उद्या विवाहाचे दार उघडलेच, तर आज खिडकीतून आत आलेल्यांनाच ते बंद राहण्याची भीती.

या मालिकेविषयी मला अधिक विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण घरच्या स्वीकाराचे इतके सत्यनिष्ठ चित्र मी अन्यत्र फारसे पाहिलेले नाही. शिरो काकेइ हा वकील. कार्यालय वेळेवर सुटले की बाजारात शिरणारा, दोघांच्या जेवणाचा महिन्याचा खर्च पंचवीस हजार येनांत बसवण्यासाठी भाजीचे भाव पारखणारा, आणि आपले खासगी आयुष्य सहकाऱ्यांना कळू नये म्हणून जपणारा. केन्जी याबुकी हा केशकर्तनकार. मोकळा, हळवा, आपला जोडीदार वकील आहे हे गिऱ्हाइकांना सांगून बसलेला. हिदेतोशी निशिजिमा आणि सेइयो उचिनो या प्रौढ, नामवंत नटांनी या भूमिका केल्या. प्रत्येक भागात एक स्वयंपाक होतो, अगदी साधा; भात, सूप, एखादे परतलेले, एखादे मुरवलेले. भांडण, भीती, म्हातारपणाची चाहूल हे सारे त्या स्वयंपाकघरात येते आणि जेवणाच्या ताटाशी येऊन थांबते.

शिरोच्या आईला मुलाविषयी ठाऊक आहे. ती त्याला सांगते की तू गुन्हेगार असलास किंवा समलिंगी असलास तरी आम्ही तुला पूर्णपणे पत्करू. हे वाक्य ती प्रेमाने बोलते. मुलाच्या अंगावर मात्र काटा येतो, कारण त्याच्या आईने मायेच्या ओंजळीत त्याला गुन्हेगाराच्या शेजारी बसवलेले असते. स्वीकार हा शब्द किती निरनिराळ्या उंचीवरून उच्चारता येतो, हे या एका वाक्यात जितके दिसते तितके लांबलचक व्याख्यानांतून दिसणार नाही. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात, नववर्षाच्या दिवसांत, शिरो केन्जीला आपल्या आईवडिलांकडे नेतो. नववर्ष हा जपानी कुटुंबाचा सण. आपल्याकडे दिवाळीला मुले गावी जातात तशी तेथे मुले आईबापांच्या घरी परततात, म्हणून त्या दिवशी बरोबर कोणाला न्यावे याला फार अर्थ असतो. वडील मुलाला बाजूला घेऊन, तुमच्यात बायकी वेष कोण करतो, अशा धर्तीचे काहीतरी विचारतात. आई पाहुणचारात गुंतते. जुनी छायाचित्रे निघतात. फार काही घडत नाही. परतीच्या वाटेवर मात्र केन्जीला रडू आवरत नाही, कारण प्रिय माणसाच्या आईवडिलांसमवेत एका मेजावर बसून जेवणे हे आपल्या आयुष्यात घडेल असे त्याने कधी धरलेच नव्हते. आता मरण आले तरी चालेल, असे तो म्हणतो. शिरो त्याला मरणाच्या गोष्टी बोलू देत नाही. तेल-मीठ कमी करून आपण दोघांनी पुष्कळ जगायचे आहे, असे त्याला बजावतो. मंगलाष्टके नाहीत, अंगठी नाही, पण जन्मभराचे वचन म्हणून मला तरी यापेक्षा अधिक काही अपेक्षित नाही.

लेखिका तेथे थांबली असती तर आपण सारे सुखाने उठलो असतो. पण २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या याच कथेच्या चित्रपटात कळते, की त्या भेटीनंतर आईची प्रकृती बिघडली, आणि यापुढे नववर्षाला केन्जीला आणू नकोस असे आईवडिलांनी मुलाला सांगितले आहे. आईने खोटेपणाने हसून स्वागत केले होते असे नाही. ते हसणे मनापासूनचे होते आणि तरी ते तिला सोसले नाही. क्योतोच्या सहलीत शिरो हे केन्जीला कळवतो, आणि पुढे नववर्ष आईबापांकडे न घालवता केन्जीबरोबर घालवण्याचा निश्चय करतो. मी हा भाग पाहिला तेव्हा प्रथम मला त्या म्हातारीचा राग आला, आणि नंतर तो राग टिकेना. चढलेली पायरी माणसे उतरतातही. एकदा दिलेला होकार हा कायमचा दस्तऐवज नसतो, तो दर वर्षी, दर सणाला पुन्हा द्यावा लागतो, आणि कधी कधी देणाऱ्याचे बळ संपते. हे सांगण्याचे धैर्य या कथेने केले, म्हणून तिच्यातल्या आनंदाच्या क्षणांवरही माझा विश्वास बसतो.

विवाहसमारंभ पाहायचा असेल तर मात्र 'ओस्सान्स लव्ह' या मालिकेकडे वळावे लागते. २०१८ मध्ये शनिवारी रात्री उशिरा लागणारी ही सात भागांची विनोदी मालिका जपानभर गाजली. हारुता हा घरांची दलाली करणाऱ्या कंपनीतला गोंधळलेला तरुण, माकी हा त्याचा सहकारी आणि कुरोसावा हा विवाहित वरिष्ठ; हे दोघेही हारुतावर प्रेम करू लागतात. शेवटच्या भागात हारुता आणि कुरोसावा गिरिजाघरात उभे आहेत, कचेरीतले सहकारी बाकांवर बसले आहेत, आणि शपथेच्या क्षणी हारुताचे मन मागे फिरते; कुरोसावाच त्याला मोकळा करून माकीकडे धाडतो. या प्रसंगात कोणीही, हे दोघे पुरुष आहेत म्हणून, उठून जात नाही. विरोध करायला वेदीपाशी कोणी उरलेले नाही. प्रश्न एवढाच की प्रेम खरे आहे का. २०२४ मध्ये आलेल्या पुढच्या पर्वात हारुता आणि माकी यांचा विवाहसोहळा होतो. कायद्याच्या दृष्टीने त्या सोहळ्याला काडीचे मोल नाही हे पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि मला वाटते त्यामुळेच तो हसताहसता डोळ्यांत पाणी आणतो. सरकारी शिक्का नसलेल्या त्या विवाहाला जमलेल्या माणसांवाचून दुसरा पुरावाच नाही.

त्याच २०२४ साली, मध्यरात्रीच्या आसपास वावरणारा हा विषय न्याहारीच्या वेळी आला. एन.एच.के.ची रोज सकाळची पंधरा मिनिटांची मालिका जपानी घराघरांत पाहिली जाते. त्या वर्षीची 'तोरा नि त्सुबासा' ही मालिका जपानच्या पहिल्या स्त्री-वकिलांपैकी एक असलेल्या योशिको मिबुची यांच्या जीवनावर बेतलेली होती. नायिकेचा वर्गमित्र तोदोरोकी हा वकील तीत आपल्या पुरुष जोडीदाराची ओळख करून देतो. काळ आहे १९५० नंतरचा. ज्या घटनेने स्त्रियांना विवाहात समान केले तिचे गुणगान गाणाऱ्या मालिकेने त्या घटनेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या दोघांनाही त्याच मेजाशी बसवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आणि शेवटी एका आईविषयी. दाइशी मात्सुनागा यांचा 'एगोइस्ट' हा चित्रपट २०२३ मध्ये जपानच्या चित्रपटगृहांत आला. माकोतो ताकायामा यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीवर तो आधारलेला आहे. कोसुके हा सुस्थितीतला मनुष्य. चौदाव्या वर्षी आई गमावलेला. त्याचा तरुण जोडीदार र्‍यूता आपल्या आजारी आईला पोसण्यासाठी राबराब राबतो, आणि कोसुके त्याला पैसे देऊ लागतो. एके दिवशी र्‍यूता अकस्मात मरतो. अंत्यविधीला आलेला कोसुके कोण, हे सांगायला कोसेकीत ओळ नाही, समाजात शब्द नाही; पण आईला ते ठाऊक असते, मुलाने तिला सांगितलेले असते, आणि जिवाभावाचा कोणी असणे हेच महत्त्वाचे, तो पुरुष की स्त्री हे नव्हे, असे ती समजून चुकलेली असते. त्यानंतर कोसुके तिच्याकडे येत राहतो. फळे आणतो, जेवतो, भाड्याची अडचण सोडवू पाहतो. ती म्हातारी त्याचे पैसे प्रथम नाकारते, मग घेते, आणि हे घेणे तिला किती जड जाते हे सावाको आगावा यांनी फार संयमाने दाखवले आहे. पुढे ती इस्पितळात पडते. शेजारच्या खाटेवरची बाई विचारते, हा तुमचा मुलगा का. आणि आई, हो, माझा मुलगा, असे सांगते. भेटीची वेळ संपत आलेली असते, कोसुके निघायला उठतो, आणि ती त्याचा हात न सोडता त्याला म्हणते की इतक्यात जाऊ नकोस.